मराठी बटणामागचं इंग्रजी

वेबसाइटच्या उजव्या कोपऱ्यात 'मराठी' असं लिहिलेलं असतं. तुम्ही ते दाबता. पान पुन्हा लोड होतं, 'होम'चं 'मुख्यपृष्ठ' होतं, 'कॉन्टॅक्ट अस'चं 'संपर्क' होतं, आणि तुम्ही ज्यासाठी आलेले असता तो मजकूर इंग्रजीतच राहतो. फीचा तक्ता इंग्रजीत. पात्रतेच्या अटी इंग्रजीत. अर्जाच्या शेवटी 'मला मान्य आहे'चा चौकोन मराठीत, पण नक्की काय मान्य आहे ते सात ओळींच्या इंग्रजीत. तुम्ही 'जाऊ दे' म्हणता, पुन्हा 'इंग्लिश' दाबता आणि कामाला लागता.

तेवढ्यात मनात एक निकाल लागलेला असतो: यांनी मराठीत भाषांतर केलंच नसणार. जरा चिडका वाचक आणखी पुढे जातो. मराठी माणसालाच मराठीची पडलेली नाही, मग यांना कशाला पडेल, वगैरे. तिथून गाडी मराठी शाळांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि मुंबईवर जाते. वेबसाइट मागेच राहते.

मी वेबसाइटींची आणि ॲपांची भाषांतरं करून पोट भरते, म्हणून हे सांगू शकते: जे तुम्हाला दिसत नाही त्यातलं बरंचसं भाषांतर झालेलं असतं. कुणीतरी ते शब्दाशब्दावर अडून केलेलं असतं, दुसऱ्या कुणीतरी तपासलेलं असतं, त्याचं बिलही निघालेलं असतं. मराठी सर्व्हरवर पोचलेली असते. पानावर येत नाही. या न येण्याला 'तांत्रिक अडचण' म्हणून सोडून द्यायची आपल्याला सवय लागली आहे, आणि माझं भांडण त्या सवयीशी आहे. कारण ही अडचण कुठेही, कशीही येत नाही. ती ठरावीक ठिकाणी येते, आणि ती ठिकाणं कोणती ते पाहिलं तर राग यायला हवा.

आधी यंत्रणा समजून घेऊ. फार अवघड नाही.

वेबसाइटवरचं प्रत्येक वाक्य भाषांतरासाठी सुटं काढतात. त्याला या धंद्यात स्ट्रिंग म्हणतात. वर्डप्रेससकट अनेक व्यवस्था त्यासाठी गेटटेक्स्ट नावाची जुनी, साधी पद्धत वापरतात. पीओ नावाची एक फाइल असते आणि तिच्यात जोड्या असतात: वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी. पान उघडताना प्रोग्रॅम इंग्रजी वाक्य घेऊन त्याची जोडी शोधत जातो. सापडली तर मराठी दाखवतो. नाही सापडली तर हातातलं इंग्रजी वाक्यच जसंच्या तसं परत देतो. एरर नाही, सूचना नाही, कुठे लाल खूण नाही. याला फॉलबॅक म्हणतात, आणि तो अगदी मुद्दाम तसा बनवलेला आहे.

आता यात एक गोम आहे. जोडी शोधायची किल्ली म्हणजे ते इंग्रजी वाक्यच. अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. उद्या कुणी त्या इंग्रजी वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला, 'प्लीज' काढून टाकलं, 'थर्टी डेज'चं 'फॉर्टी फाइव्ह डेज' केलं, की किल्ली बदलली. मराठी वाक्य फाइलमध्ये तसंच बसून राहतं आणि त्याला कुणी हाक मारत नाही. फाइल नव्या इंग्रजीशी जुळवून घेणारी साधनं आहेत. ती असं जवळपास जुळणारं वाक्य हेरतात आणि त्यावर 'फझी' असा शिक्का मारतात, म्हणजे 'अंदाजे, माणसाने एकदा पाहून घ्या'. पण पीओवरून यंत्राला वाचता येईल अशी एमओ फाइल बनवताना फझी शिक्क्याची वाक्यं आपोआप वगळली जातात. माणसाने येऊन पाहीपर्यंत तिथे इंग्रजी. तो माणूस म्हणजे मी किंवा माझ्यासारखं कुणीतरी, आणि आमचं बिल तीन महिन्यांपूर्वीच चुकतं झालेलं असतं. फाइल पुन्हा उघडायला आम्हाला कुणी बोलावत नाही.

इथे जरा थांबा आणि विचार करा, वेबसाइटवरची कोणती इंग्रजी वाक्यं सारखी बदलतात?

'आमच्याविषयी' बदलत नाही. संस्थापकांचा संदेश वर्षानुवर्षं बदलत नाही. 'आमची मूल्ये', 'ध्येय आणि दृष्टी', 'छायाचित्र दालन', काही बदलत नाही. बदलतात त्या तारखा. फी. पात्रतेच्या अटी. कोणती कागदपत्रं चालतील त्यांची यादी. पैसे परत मिळण्याचे नियम. तुमची माहिती कुणाला दिली जाईल हे सांगणारा परिच्छेद, जो वकील दर चार महिन्यांनी नव्याने लिहितात. म्हणजे ज्या मजकुराने वाचणाऱ्याचं काही भलंबुरं होऊ शकतं, नेमका तोच मजकूर सतत बदलतो आणि नेमकी त्याचीच मराठी गळून पडते. ज्याने कुणाचं काही अडत नाही ती मराठी जागेवर टिकून राहते, वर्षानुवर्षं, छान, शुद्धलेखनासकट.

हे कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नाही. पण दोनेक वर्षं काही न करता सोडून दिली, की जवळजवळ प्रत्येक बहुभाषिक वेबसाइटवर हेच चित्र तयार होतं. स्वागत मराठीत, करार इंग्रजीत.

मी केलेलं एक काम सांगते. शिष्यवृत्ती देणारी एक संस्था, नाव नको. अर्जाची सगळी पानं मी मराठीत केली. त्यातला सगळ्यात किचकट भाग होता उत्पन्नाच्या दाखल्याचा: कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा, तहसील कार्यालयाचाच हवा की वडिलांच्या नोकरीच्या ठिकाणचा चालेल, आई एकटी कमावती असेल तर काय. हा मजकूर अर्ज भरणाऱ्या मुलीने तर वाचायचा असतोच, पण तो खरा वाचतात तिचे वडील, कारण तहसीलला रांगेत तेच उभे राहणार असतात. म्हणून मी ती वाक्यं त्यांच्यासाठी लिहिली. तोडून, लहान, 'तुम्ही' म्हणून. काही महिन्यांनी संस्थेने आर्थिक वर्ष बदललं. इंग्रजी वाक्यात एक आकडा बदलला. मराठीतला तो अख्खा भाग गेला, त्याच्या जागी इंग्रजी आलं. वर 'शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा' मराठीत, खाली 'अर्ज सादर करा' मराठीत, मधली मोक्याची दहा वाक्यं इंग्रजीत. एक आकडा मराठीत बदलायला मला दोन मिनिटं लागली असती. आकडा बदलल्याचं मला कुणी कळवलं नाही, आणि मराठी गेल्याचं संस्थेला कळलंच नाही, कारण संस्थेतलं कुणीही स्वतःची वेबसाइट मराठीत उघडत नव्हतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं निदान आहे. बाकीची निदानं त्यापुढे किरकोळ आहेत, तरी काही सांगते, कारण ती मजेशीर आहेत.

फाइलच्या नावाचं घ्या. वर्डप्रेसमध्ये हिंदीचा कोड 'एचआय-आयएन' आहे, भाषा आणि देश जोडून. मराठीचा नुसता 'एमआर'. हिंदीची फाइल समोर ठेवून कुणी मराठीच्या फाइललाही 'आयएन'चं शेपूट लावलं, की वर्डप्रेस तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. शंभर टक्के पूर्ण भाषांतर, आणि पानावर एक शब्द नाही. त्याहून सुरस प्रकार 'एमएच'चा. आपल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच असतं, म्हणून मराठीचा कोडही तोच असणार असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत एमएच हा कोड मार्शल बेटांवरच्या मार्शलीज भाषेचा आहे. प्रशांत महासागरात. तुमची मराठी तिकडे पाठवून दिलेली असते आणि तुम्ही इकडे वाट पाहत बसता.

काही वाक्यं भाषांतरासाठी सुटी काढलेलीच नसतात, डेव्हलपरने ती सरळ कोडमध्ये लिहून टाकलेली असतात. काही तुकड्यातुकड्यांनी जोडलेली असतात: 'यू हॅव', मग आकडा, मग 'पेंडिंग ॲप्लिकेशन्स'. मराठीत क्रियापद शेवटी येतं हे या जोडकामाला माहीत नसतं, त्यामुळे तुकडे मराठीत केले तरी वाक्य होत नाही, आणि मग कुणीतरी वैतागून ते इंग्रजीतच ठेवतं. डेटाबेस जुन्या पद्धतीने बसवलेला असेल तर आत गेलेल्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. हे नुसतं दिसण्यापुरतं नसतं. साठवतानाच अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं असेल, तर मूळ अक्षर त्या डेटाबेसमधून परत काढता येत नाही. सण आले की पहिल्या पानावर शुभेच्छांचा फलक लागतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचाही लागतो, सुरेख सुलेखनात. तो फलक म्हणजे एक चित्र असतं. पानावरची ती सर्वांत मोठी मराठी, आणि ती ना निवडता येते, ना शोधता येते, ना दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला वाचता येते.

कॅशेबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण 'माझ्याकडे तर दिसतंय' या जगप्रसिद्ध उत्तराचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं. वेबसाइट वेगाने उघडावी म्हणून तयार पानाची एक प्रत जवळच्या सर्व्हरवर ठेवतात आणि पुढच्या प्रत्येकाला तीच देतात. मराठी पानाचा पत्ता वेगळा असेल तर काही बिघडत नाही. पण बऱ्याच ठिकाणी पत्ता एकच असतो आणि तुमची भाषा फक्त कुकीत नोंदवलेली असते. मग आधी कुणी इंग्रजीत पान उघडलं, त्याची प्रत ठेवली गेली, आणि मराठी निवडलेल्या तुमच्या हातातही तीच आली. डेव्हलपर लॉग-इन करून पाहतो, त्याला कॅशे लागू होत नाही, त्याला मराठी दिसते. दोघेही खरं बोलत असतात.

एकाच पत्त्यावर दोन भाषा ठेवण्याचा दुसरा परिणाम यापेक्षा मोठा आहे. गुगलचा क्रॉलर पानं गोळा करत फिरतो तेव्हा भाषेची पसंती पाठवत नाही आणि कुकी सांभाळत नाही. त्याला त्या पत्त्यावर डिफॉल्ट म्हणजे इंग्रजी पान मिळतं. मराठी पान त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं. मग तुम्ही मराठीत काही शोधता, काही मिळत नाही, आणि दुसऱ्यांदा शोधताना आपोआप इंग्रजीत टाइप करता. सवय अशीच लागते. तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनची भाषा इंग्रजी असणार. मी त्याबद्दल तुम्हाला बोलणार नाही. पण तो फोन प्रत्येक वेबसाइटला 'या व्यक्तीला इंग्रजी हवं' असं सांगत फिरतो, आणि काही वेबसाइटी तुम्ही हाताने निवडलेल्या मराठीपेक्षा फोनच्या त्या चुगलीवर जास्त विश्वास ठेवतात. पुढच्या पानावर गेलात की पुन्हा इंग्रजी.

आता मोजणीकडे येते. वर्षाच्या शेवटी अहवाल होतो. मराठी पानांना भेटी किती? कमी. मराठी पानावर लोक किती वेळ थांबले? फारच कमी, आले आणि परत इंग्रजीवर गेले. त्यावरून निष्कर्ष निघतो की मराठीला मागणी नाही, आणि पुढच्या वर्षी भाषांतराचा खर्च कापला जातो. मी अशा चर्चांमध्ये बसले आहे. आलेख खरा असतो. पण तो ज्या बटणाचं मोजमाप आहे, ते बटण दाबल्यावर इंग्रजी येत होतं हे त्या खोलीत कुणाला माहीत नसतं. हॉटेलच्या मेन्यूकार्डावर पिठलं-भाकरी छापायची, मागितल्यावर प्रत्येकाला सँडविच आणून द्यायचं, आणि वर्षाखेर सांगायचं की पिठलं-भाकरी खपत नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. हिंदी आणि बंगाली सोडून भारतात एवढे कुणीच नाहीत. त्यांना मराठी वाचायची नाही असं तुम्हाला म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण आधी एकदा त्यांना ती दाखवा.

डेव्हलपर मंडळींचं यावर एक उत्तर असतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, मराठी नसेल तर काय दाखवायचं? रिकामी जागा? जुनी मराठी तशीच ठेवली आणि तिच्यात मागच्या वर्षीची अंतिम तारीख असली तर? बरोबर आहे. चुकीची मराठी तारीख ही बरोबर इंग्रजी तारखेपेक्षा घातक आहे, आणि त्या शिष्यवृत्तीच्या पानावर जुनं आर्थिक वर्ष दिसत राहिलं असतं तर तहसीलच्या रांगेतल्या बापाचा दिवस फुकट गेला असता. तेव्हा फॉलबॅकला माझा विरोध नाही. तो गुपचूप होतो, याला आहे. इंग्रजी दाखवा, पण 'इथली मराठी सध्या नाही' हे मराठीत लिहा. तुमच्याकडे नोंद ठेवा की आज कुणीतरी मराठी मागितली आणि आपण ती देऊ शकलो नाही. गेटटेक्स्ट ही नोंद स्वतःहून ठेवत नाही, पण ठेवणारा कोड लिहायला एका चांगल्या डेव्हलपरला एक दुपार पुरते. पैसे भरणं अयशस्वी झालं तर तुमच्या फोनवर मध्यरात्री अलार्म वाजतो. भाषा अयशस्वी झाली तर काही वाजत नाही. कशासाठी अलार्म लावायचा हे माणसं ठरवतात.

दुसरं उत्तर अलीकडचं: आता मशीन आहे ना, एक विजेट टाकलं की सगळं पान मराठीत. मशीनचं मराठी गेल्या काही वर्षांत खूप सुधारलं आहे आणि मी ते कामात रोज वापरते, तेव्हा त्याला नावं ठेवून मला काही मिळणार नाही. पण विजेट पान तुमच्या फोनवर आल्यावर त्याचं रूप बदलतं. सर्व्हरवर मराठी पान तयार होत नाही, म्हणून सर्चमध्ये येण्याचा प्रश्न तसाच राहतो. पीडीएफ आणि चित्रं तशीच राहतात. मुख्य म्हणजे जबाबदारी कुणाचीच राहत नाही. अटींचं मशीनने केलेलं मराठी चुकलं तर 'इंग्रजी मजकूर अंतिम' अशी एक ओळ तळाशी असतेच, आणि ती ओळही बऱ्याचदा इंग्रजीत असते. मशीनने पहिला खर्डा करायला माझी हरकत नाही. त्याखाली 'हो, आम्ही हेच म्हणतो आहोत' असं म्हणायला संस्थेतलं एक माणूस तयार हवं.

राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. दोन्हींचा मला आनंद आहे. पण वेबसाइट मराठीत आहे की नाही हे तपासायला बसलेला माणूस आजही कोपऱ्यात बटण आहे का तेवढंच पाहतो आणि रकान्यात 'होय' लिहितो. त्याने बटण दाबावं. दाबून शेवटच्या चौकोनापर्यंत जावं, अर्ज भरून पाहावा, चुकीचा पिनकोड टाकून चुकीचा संदेश कोणत्या भाषेत येतो ते पाहावं. चुकीचे संदेश हा तर वेगळ्याच लेखाचा विषय आहे. माणूस अडतो तिथेच ते येतात, आणि सगळ्यात शेवटी भाषांतरित होतात.

गेल्या वर्षापासून मी कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहायला लागले आहे. फाइल दिल्यावर काम संपलं असं नाही, पानावर दिसल्यावर संपलं. इंग्रजी बदललं की त्याच दिवशी मला मेल. आणि जिथे मराठी नसेल तिथे तसं सांगणारी मराठी पट्टी. पहिली अट बहुतेकांना चालते. दुसरीला 'पाहू' म्हणतात. तिसरीवर काम हातचं गेल्याचे दोन प्रसंग आहेत. एका ठिकाणी मात्र पट्टी लागली, पिवळी, दोन ओळींची, खाली 'मला हे मराठीत हवं आहे' असं बटण. आठवड्याभरात त्यांच्या डिझायनरचा फोन आला, की पान फार वाईट दिसतंय, सगळीकडे पिवळंच पिवळं झालंय, काहीतरी करा. मी विचारलं, ते बटण किती जणांनी दाबलं ते पाहिलंत का? ते त्याने पाहिलं नव्हतं. बघून सांगतो म्हणाला.